न झिजलेल्या ब्रेकची दुरुस्ती: सोलापुरातील एका इलेक्ट्रिक कारचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्या व्हील अलाइनमेंट आणि ब्रेकच्या गॅरेजमध्ये आलेल्या एका गाडीचे आहे. गाडीमालकांच्या संमतीने ते येथे मांडले असून त्यांची, गाडीच्या कंपनीची आणि गाडी ज्या सेवा केंद्रात जात होती त्याची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मापे जॉबकार्डवर लिहिली होती तशीच दिली आहेत.

गाडीमालक अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवतात आणि जुळे सोलापूरला राहतात. त्यांची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, सुमारे दीड टन वजनाची इलेक्ट्रिक एसयूव्ही असून तिला चारही चाकांवर डिस्क ब्रेक आणि बटणावर लागणारा हँडब्रेक आहे. घर ते कारखाना ही रोजची ये-जा, महिन्यातून एखादी पुण्याची फेरी, अधूनमधून तुळजापूर आणि पंढरपूर, असा तिचा वापर आहे. डिकीत टॉवेलच्या नमुन्यांचे दोन-चार गठ्ठे बहुधा असतातच. आमच्याकडे आली तेव्हा गाडी २ वर्षे ९ महिन्यांची होती आणि तिचे ४१,३०० किलोमीटर झाले होते.

गाडी बहुतेक वेळा त्यांचे जुने ड्रायव्हर चालवतात. घरात सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांचे अवघे आयुष्य डिझेलच्या गाड्यांवर गेलेले आहे. गाडी स्वच्छ असली पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष असल्यामुळे ती रोज संध्याकाळी बोअरच्या पाण्याने धुतली जाई आणि धुतल्या जागीच रात्रभर उभी राही. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते, तेव्हा गाडी धुवायला बोअरचेच पाणी वापरले जाणार हे ओघाने आले. हे पाणी किती क्षाराचे असते ते कोणत्याही घरातल्या नळाच्या तोटीवरचा पांढरा थर पाहिला की कळते.

आधीच्या डिझेल गाडीची देखभाल कशी होत होती हे येथे सांगणे भाग आहे, कारण प्रकरणाचे मूळ तिथे आहे. त्या गाडीचे इंजिन ऑइल दर १०,००० किलोमीटरला बदलावे लागे. त्यासाठी गाडी रॅम्पवर चढत असे, आणि ऑइल निथळेपर्यंतच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत मेकॅनिक सवयीने चाक हलवून पाही, चाकाच्या जोडणीतल्या रबरी बुशवर टॉर्च मारी, ब्रेकच्या पॅडकडे नजर टाकी. डिझेल भरायला दर आठवड्याला पंपावर जाणे होई आणि तिथे हवाही पाहिली जाई. इलेक्ट्रिक गाडी घरी चार्ज होऊ लागली, तिला इंजिन ऑइल उरले नाही, आणि ही दोन्ही निमित्ते एकदम संपली. त्यांच्या जागी दुसरे काही ठरवून ठेवावे लागते हे कोणाच्याच लक्षात आले नाही. त्या ‘कोणाच्याच’मध्ये आम्हीही येतो, ते पुढे येईलच.

समस्या

मालक आमच्याकडे ब्रेकची तक्रार घेऊन आलेच नव्हते. त्यांच्या दोन तक्रारी होत्या. पहिली अशी की पूर्ण चार्जवर हायवेला २७० किलोमीटर चालणारी गाडी आता २३५ वर आली आहे, तेव्हा बॅटरी खराब व्हायला लागली असावी. दुसरी अशी की ही गाडी टायर खाते. पुढचे मूळ टायर २४,००० किलोमीटरला गोटा झाले, आणि त्यानंतर घातलेले दोन्ही टायरही आतल्या बाजूने संपत आले आहेत. ‘इलेक्ट्रिकला टायर लागतातच’ असे त्यांना दोघा-तिघांनी सांगितले होते आणि त्यांनी ते जवळपास मान्य केले होते.

तिसरी गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली. दिवाळीनंतरच्या आठवड्यात ते तुळजापूरला बहिणीकडे मुक्कामी होते. रात्रभर १५ अँपिअरच्या प्लगवर गाडी लावली आणि सकाळी १०० टक्के चार्ज घेऊन सोलापूरकडे निघाले. घाट उतरताना एरवी अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आपोआप आवळली जाणारी गाडी त्या दिवशी आवळलीच नाही. पुढे उसाचा ट्रॅक्टर होता. मामांनी ब्रेक दाबला, तो नेहमीपेक्षा बराच खोल आणि जोराने दाबावा लागला, मागून खर्र असा आवाज आला आणि गाडी किंचित उजवीकडे ओढली गेली. गाडी थांबली, कुठे लागले नाही. मालकांनी ते ‘घाटात होतं असं कधी कधी’ म्हणून सोडून दिले होते.

आमच्या दृष्टीने तीन गोष्टींपैकी हीच सर्वांत गंभीर होती, आणि पुढचे सगळे काम तिच्यापासून सुरू झाले.

घाटात काय घडले हे समजण्यासाठी रिजनरेशनची रीत पाहावी लागते. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इलेक्ट्रिक गाडीची मोटर जनरेटरसारखी चालते, चाकांचा वेग खाते आणि वीज बॅटरीत परत पाठवते. ८० च्या वेगातल्या दीड टनाच्या गाडीत सुमारे ३७० किलोज्यूल, म्हणजे साधारण एक दशांश युनिट ऊर्जा असते. डिझेल गाडीत ती सगळी डिस्क-पॅडच्या घर्षणात उष्णता होऊन जाते, तर इथे तिचा मोठा भाग बॅटरीत परततो. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते, म्हणून गाडी रिजनरेशन कमी करते किंवा बंद ठेवते. तशी सूचना डॅशबोर्डवर येते. ती त्या दिवशीही आली असणार, पण घाटात डॅशबोर्डकडे कोण पाहतो? तात्पर्य, गेली पावणेतीन वर्षे मोटर जे काम करत होती ते त्या सकाळी अचानक ब्रेकवर आले, आणि ब्रेकला त्या कामाची सवय राहिली नव्हती.

तपासणी

गाडी लगेच रॅम्पवर न घेता आम्ही आधी १२ किलोमीटर चालवून आणली. जमेल तितका ब्रेक न दाबता, रिजनरेशनवरच वेग सांभाळत चालवली. परत येताच तापमान मोजायच्या गनने चारही डिस्क पाहिल्या. पुढच्या दोन्ही ४० अंशांच्या आसपास होत्या, मागची डावी ३८ अंश, आणि मागची उजवी ९२ अंश. जिथे ब्रेक वापरलाच नाही तिथे एकच डिस्क एवढी तापते याचा अर्थ ते पॅड डिस्कला सतत घासत आहे. रेंज कुठे जात होती त्याचे निदान अर्धे तरी इथेच झाले.

गाडी उचलताना आम्ही जॅकचे पॅड कंपनीने नेमून दिलेल्या जागीच लावले. या गाड्यांच्या पोटाखाली बॅटरीची पेटी असते आणि नेहमीच्या अंदाजाने जॅक लावला तर तिला दाब बसतो, म्हणून हे लिहून ठेवतो. ब्रेकच्या कामात उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी केबलला हात लावण्याची वेळ येत नाही, पण त्या कुठून गेल्या आहेत हे आधी पाहून घेतले.

मागचे डावे चाक हाताने फिरवले तर दोन फेरे सहज गेले. उजवे अर्ध्या फेऱ्यात घासत थांबले. चाक काढल्यावर जे दिसले ते नेमके सांगतो, कारण वर्षभरापूर्वी आम्ही याच गाडीला पाहून ‘ब्रेक ठीक’ असे लिहिले होते. अलॉय चाकाच्या फटीतून दिसणारे बाहेरचे पॅड ८.५ मिलिमीटर होते, म्हणजे नव्यासारखेच. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, उघडल्यावर आतले पॅड हातात आले ते २ मिलिमीटर. त्याच कॅलिपरच्या दोन सरकत्या पिनांपैकी खालची पिन गंजून जाम झाली होती. तिचा रबरी बूट चिरला होता आणि आत तपकिरी चिखलासारखे काहीतरी साचले होते. पिन सरकत नसली की पिस्टनच्या बाजूचे पॅड एकटेच काम करते आणि ब्रेक सोडल्यावर पुरते मागेही येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र न झिजलेले पॅड दिसून समाधान वाटते.

डाव्या बाजूची पॅड ९-९ मिलिमीटर होती, पण त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि डिस्कवर गंजाचे खड्डे पडले होते. एक बाजू घासत राहिलेली आणि दुसरी पकड गमावलेली. घाटात गाडी उजवीकडे का ओढली गेली हे यावरून उघड आहे. पुढचे ब्रेक तुलनेने चांगले होते, कारण शहरात शेवटचे थांबणे तरी त्यांच्यावर होत असे.

ब्रेक ऑइलचा रंग कोऱ्या चहासारखा झाला होता आणि टेस्टरने पाण्याचे प्रमाण ३ टक्क्यांहून जास्त दाखवले. गाडीच्या पुस्तिकेत ते दर २ वर्षांनी बदलायला सांगितले आहे. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. घाटासारख्या जागी हा फरक महत्त्वाचा ठरतो. ऑइल ब्रेकच्या वापराने जुने होत नाही, हवेतला ओलावा शोषून होते. त्यामुळे ‘ब्रेक कमी वापरला म्हणून ऑइल टिकेल’ हा हिशेब लागू पडत नाही.

टायरकडे वळलो. हवा सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना मोजली. दरवाजाच्या चौकटीवरच्या पट्टीवर ३६ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) असताना चाकांमध्ये ३० ते ३१ भरली. मामा म्हणाले, “मालक, पुण्याहून आलो की दर वेळी टायरवाल्याकडं बघून घेतो की. उलट जास्तच असते, तो कमी करून देतो.” इथेच घोळ होता. २५ अंशांना ३६ असलेली हवा, टायर तापून ६५ अंशांवर गेला की सुमारे ४३ दाखवते. ती जास्त आहे असे समजून ३६ वर आणली की दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायरमध्ये ३० उरते. उन्हाळ्यात ४२-४३ अंशांत पुण्याहून आलेल्या गाडीच्या बाबतीत हे दर वेळी घडत होते. हवा पाहिली जात होती आणि तरीही ती कमी राहत होती.

पुढच्या टायरची खोली आतल्या कडेला १.४, मध्ये ४ आणि बाहेरच्या कडेला ४.६ मिलिमीटर निघाली. कायद्याची किमान मर्यादा १.६ आहे. नुसती हवा कमी असती तर दोन्ही कडा सारख्या झिजल्या असत्या. एकच कड झिजते तेव्हा चाकांची दिशा पाहावी लागते. अलाइनमेंट मशीनवर पुढची दोन्ही चाके प्रत्येकी सुमारे ०.३ अंश बाहेर उघडलेली निघाली. आकडा नगण्य वाटतो, पण त्याचा अर्थ असा की प्रत्येक चाक दर किलोमीटरला जवळपास ५ मीटर आडवे घासत चालले आहे. कारणही सापडले: डाव्या लोअर आर्मचा, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचा, मागचा बुश फाटला होता. कधी फाटला ते मामांना सांगता आले नाही.

आता ‘इलेक्ट्रिकला टायर लागतातच’ या म्हणण्याकडे येतो. त्यात तथ्य आहे. गाडीचे वजन जास्त असते, जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, आणि पुढच्या चाकांच्या गाडीत वेग वाढवणे व रिजनरेशनने कमी करणे ही दोन्ही कामे पुढच्याच टायरवर पडतात. म्हणून त्यांची अदलाबदल वेळेवर व्हायला हवी. या गाडीत ती एकदाही झाली नव्हती. परंतु वजन आणि जोर टायर सगळीकडून झिजवतात. एकाच कडेला १.४ आणि दुसऱ्या कडेला ४.६ हे काही इलेक्ट्रिकपणाचे लक्षण नव्हे.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला प्रश्न त्या संध्याकाळचाच होता. मालकांना दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजता पुण्याला निघायचे होते आणि ‘परत आल्यावर करू’ असे त्यांचे म्हणणे होते. २ मिलिमीटरच्या पॅडवर पुणे गाठता आले असते, हे खरे. पण तापून ऑइल उकळण्याची आणि टायरची आतली कड फाटण्याची शक्यता एकाच प्रवासात एकत्र येत होती, म्हणून आम्ही गाडी द्यायला स्पष्ट नकार दिला. त्यांनी नाराजीने दुसरी गाडी ठरवली.

दुसरा प्रश्न काम कोणी करायचे हा होता. बॅटरीची ८ वर्षांची वॉरंटी बाहेरच्या गॅरेजमुळे जाईल अशी मालकांना भीती होती. अधिकृत सेवा केंद्रात त्यांना ९ दिवसांनंतरची वेळ मिळाली. आमचे मत असे होते की ब्रेक आणि टायर ही झिजणारी अंगे असून त्यांचा बॅटरीच्या वॉरंटीशी संबंध नाही. तरीही सुटे भाग कंपनीचेच वापरावेत, बिल जपून ठेवावे आणि बॅटरीची तपासणी अधिकृत केंद्रातच करून घ्यावी. त्यांना हे पटले.

मागच्या डिस्कबाबत तीन मार्ग होते. पॅडला पेपर मारून, पिनांना ग्रीस लावून गाडी सोडणे हा सर्वांत स्वस्त आणि, खरे बोलायचे तर, बाजारात सर्रास होणारा मार्ग. दुसरा, डिस्क लेथवर घेऊन फेसिंग करणे, म्हणजे पृष्ठभाग खरवडून सपाट करणे. तिसरा, दोन्ही डिस्क बदलणे. डिस्कच्या काठावर किमान जाडी ८ मिलिमीटर अशी कोरलेली होती. उजवी ८.९ आणि डावी ९.३ भरली. गंजाचे खड्डे काढायचे तर प्रत्येक बाजूने ०.४ जावे लागले असते, म्हणजे उजवी ८.१ वर आली असती. एवढ्या काठावरची डिस्क ग्राहकाला देणे योग्य वाटले नाही, आणि एका अ‍ॅक्सलवर एक नवी व एक जुनी डिस्क बसवायची नसते. म्हणून दोन्ही बदलायचे ठरले.

सर्वांत जास्त वाद टायरवर झाला. मालकांना दोनच घ्यायचे होते आणि ते पुढे बसवायचे होते. सोलापुरात काय, कुठेही गेलात तरी नवा टायर पुढेच घालतात. टायर बनवणाऱ्यांचा सल्ला उलट आहे: नवी जोडी मागे, कारण ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि ड्रायव्हरला ते जाणवते, पण मागची सुटली तर गाडी फिरते. मागचे मूळ टायर ३.६ मिलिमीटर आणि सारखे झिजलेले होते. ते पुढे आणले तर लवकर संपणार हे उघड होते, परंतु पाऊस नुकताच संपला होता आणि पुढच्या पावसाआधी ती जोडी बदलायची असे ठरवले तर दोन्ही बाजू सांभाळल्या जात होत्या. चारही टायर बदलावेत असे आम्ही सुचवले नाही. वापरण्याजोगे टायर फेकायला लावणे आम्हाला पटत नाही.

नव्या टायरची जात निवडताना दुकानदाराने त्याच मापाचा एक बराच स्वस्त, जाड नक्षीचा टायर सुचवला होता. आम्ही मूळ टायरइतकाच भारांक, म्हणजे ९५ (प्रत्येक टायरला ६९० किलो), आणि रस्त्यावर फिरताना कमी रोध करणारा टायर घेतला, कारण जाड नक्षीचा टायर रेंजमधून आपली किंमत वसूल करतो.

केलेली कार्यवाही

डिस्क आणि पॅड पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल आले. काम सुरू होताच एक अडचण आली. बटणाचा हँडब्रेक असलेल्या कॅलिपरमध्ये पिस्टनमागे छोटी मोटर असते, आणि पॅड बदलण्याआधी स्कॅनरने ती सर्व्हिस मोडमध्ये नेऊन मागे घ्यावी लागते. आमच्या स्कॅनरमध्ये हे मॉडेल नव्हते. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने नेहमीप्रमाणे जी-क्लॅम्प हातात घेतला होता. पिस्टन तसा जोर लावून दाबला असता तर आतला स्क्रू किंवा मोटर तुटली असती आणि आठ-नऊशेच्या कामाचे अख्खे कॅलिपर झाले असते. आम्ही काम थांबवले आणि पुणे नाक्याजवळच्या एका व्यवसायबंधूंचा अद्ययावत स्कॅनर येईपर्यंत एक दिवस वाट पाहिली.

पिना, बूट आणि सील नवीन घातले. पिनांना सिलिकॉनचे ब्रेक ग्रीसच लावले. हे मुद्दाम लिहितो, कारण बेअरिंगचे साधे ग्रीस लावले तर रबरी बूट फुगतो आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा अडकते. दुरुस्ती झालेले कितीतरी कॅलिपर आम्ही याच कारणाने दुसऱ्यांदा उघडले आहेत. ब्रेक ऑइल पूर्ण बदलले. लोअर आर्मचा बुश आधी बदलला आणि मगच अलाइनमेंट केली. फाटक्या बुशवर केलेली अलाइनमेंट मशीनवर हिरवी, म्हणजे बरोबर, दिसते आणि पहिल्या गतिरोधकाला बिघडते.

शेवटी नव्या डिस्क आणि पॅड एकमेकांवर नीट बसावेत म्हणून पहाटे मोकळ्या रस्त्यावर रिजनरेशन सर्वांत खालच्या पायरीवर ठेवून ६० च्या वेगावरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, दहा वेळा ब्रेक लावला आणि मध्ये डिस्क गार होऊ दिल्या. त्यानंतर १२ किलोमीटरची तीच फेरी पुन्हा मारली. मागच्या दोन्ही डिस्क ३६ आणि ३७ अंश.

खर्च ब्रेकचे भाग व मजुरी १४,३०० रुपये, बुश व अलाइनमेंट ३,१०० रुपये आणि दोन टायर १७,२०० रुपये, असा एकूण ३४,६०० रुपये झाला.

मामांना सांगितलेल्या गोष्टी मोजक्या होत्या. गाडी धुतल्यावर लगेच लावून न ठेवता एक चक्कर मारून चार-सहा ब्रेक लावावेत, म्हणजे डिस्क कोरड्या होतात. आठवड्यातून एकदा, मागे कोणी नसताना, रिजनरेशन खाली आणून जरा जोराने ब्रेक दाबावेत. तुळजापूरहून निघताना बॅटरी ९० टक्क्यांच्या आतच ठेवावी. आणि हवा फक्त सकाळी, गाडी हलवण्याआधी पाहावी. मामांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “पण बॅटरीच्या गाडीचं ब्रेक झिजतच नाही म्हणतेत की मालक?” आम्ही त्यांना ८.५ आणि २ मिलिमीटरची ती दोन पॅड हातात दिली. त्यांनी ती बराच वेळ उलटसुलट करून पाहिली आणि घरी घेऊन गेले.

निष्पत्ती

पाच महिन्यांत गाडी ६,४०० किलोमीटर चालली. पूर्ण चार्जवरची हायवेची रेंज २६२ वर आली. अधिकृत केंद्रातल्या तपासणीत बॅटरीत दोष आढळला नाही. पुढे आणलेले जुने टायर ३.६ वरून २.५ वर आले आणि आत-बाहेर सारखेच झिजले. मागचे नवे ७.५ वरून ७.१ झाले. मागची चारही पॅड काढून मोजली, आतल्या-बाहेरच्यांत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नव्हता. मे महिन्यात, ठरल्याप्रमाणे, पुढची जोडी बदलायची बोलणी झाली. मालक या वेळीही म्हणाले की नवे पुढेच राहू द्या, मागचे जवळजवळ नवेच आहेत. या वेळी त्यांचे म्हणणे बरोबर होते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक आमच्याकडूनच झाली होती. २४,००० किलोमीटरला हीच गाडी टायरसाठी आमच्याकडे आली होती. मालक एका लग्नाला निघाले होते, अलाइनमेंटला वेळ नाही म्हणाले, आणि आम्ही आग्रह धरला नाही. काढलेल्या टायरची आतली कड तेव्हाही जास्त झिजली असणार, पण तो टायर कोणी उलटून पाहिला नाही. ब्रेक अलॉयच्या फटीतून पाहिले आणि ‘ठीक’ लिहिले. चाके निघालेलीच होती, तेव्हा कॅलिपर उघडायला प्रत्येकी पाच मिनिटे लागली असती. पिन त्या वेळी कितपत धरली होती हे आता सांगता येणार नाही, पण दुसऱ्या जोडीतले टायर तरी वाचले असते.

अधिकृत केंद्राच्या तिन्ही बिलांवर ‘ब्रेक तपासणी’पुढे बरोबरची खूण आहे. ती कशी केली गेली हे आम्हाला ठाऊक नसल्याने त्यावर मत देत नाही. मात्र ‘ठीक’ हा शब्द मापाच्या जागी लिहिला गेला की पुढच्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही, हे आमच्या स्वतःच्या जॉबकार्डवरून दिसले. आता आमच्या कार्डावर प्रत्येक चाकासाठी आतले पॅड, बाहेरचे पॅड आणि टायरच्या तीन जागांची खोली असे रकाने आहेत, आणि रकाना रिकामा असेल तर बिल निघत नाही. गॅरेजमधली मुले यावर कुरकुर करतात.

दुरुस्तीच्या क्रमातही एक उणीव राहिली. घासणारे पॅड, कमी हवा आणि बिघडलेली अलाइनमेंट ही तिन्ही एकाच दिवशी दुरुस्त केल्यामुळे गेलेल्या ३५ किलोमीटरपैकी कोणत्या कारणाने किती गेले होते हे आम्ही सांगू शकत नाही. आधी फक्त पॅड मोकळे करून एक पुणे फेरी होऊ दिली असती तर ते कळले असते. मालकांचा खोळंबा पाहता तसे करणे शक्य नव्हते, पण पुढच्या गाडीला जमले तर करणार आहोत.

मालकांच्या बाजूने पाहता, घाटातल्या त्या सकाळनंतर ते दोन आठवडे गाडी तशीच वापरत राहिले. रेंज कमी झाल्याची त्यांना चिंता होती आणि ब्रेक खोल गेल्याची नव्हती, याचे कारण एवढेच की रेंजचा आकडा समोर रोज दिसत होता.

हवा पाहण्याचे नवे निमित्त मात्र मामांनी स्वतःच शोधून काढले. ज्या दिवशी नळाला पाणी येते त्या दिवशी ते पहाटे टाक्या भरायला उठतात. मोटर चालू करायची, आणि पाणी चढेपर्यंत घरच्या छोट्या कंप्रेसरने चारही चाके पाहायची. मे महिन्यात गाडी आली तेव्हा तीन चाकांत ३६ आणि मागच्या डाव्यात ३३ निघाली. आम्ही काही बोलण्याआधीच मामा म्हणाले, “ह्या वेळी पाणी दोन दिवस उशिरा आलंय, मालक.”